काचेच्या बशीतले जीवनसत्त्व

‘जीवनसत्त्व’ हा शब्द मराठीत ज्याने कोणी घडवला त्याच्या प्रतिभेला दाद द्यावी तेवढी थोडीच. तथापि मराठीची विद्यार्थिनी या नात्याने मला असेही वाटते की, या शब्दाने आपली थोडी फसगत केली आहे. मूळचा ‘व्हिटॅमिन’ हा शब्द काझिमिर फुंक या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली रूढ केला. जीवनाला आवश्यक अशी ‘अमाइन’ जातीची द्रव्ये, एवढाच त्याचा अर्थ होता. ही सगळी द्रव्ये अमाइन नाहीत हे पुढे कळले, पण नाव राहून गेले. मराठीने त्याला ‘सत्त्व’ जोडले आणि सत्त्व म्हटले की आपल्याला नाचणीचे सत्त्व आठवते, गुळवेलीचे सत्त्व आठवते. म्हणजे पदार्थाचा कस, त्याची ताकद. जितकी पोटात जाईल तितकी बरी. आमच्या तलासरीकडे दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका लोहाची किंवा फॉलिक आम्लाची गोळी असे कधीच म्हणत नाहीत. त्या म्हणतात ‘ताकदीची गोळी’.

ताकदीची ही कल्पना कितपत खरी आहे, याचा शोध प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर बराच चांगला लागला आहे. विशेषतः मूलपेशींवर. त्या शोधाची हकीकत सांगावी आणि तिचा आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांशी काय संबंध आहे तेही सांगावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. कला शाखेच्या मुलीने ही वाट का धरावी, असा प्रश्न विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

प्रथम मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे समजावणे सोपे आहे. भात झोडून झाले की सगळेच खायला काढत नाहीत. पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे काढून कणगीत राखून ठेवतात. घरात कितीही ओढाताण झाली तरी त्या बियाण्याला हात लावत नाहीत. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्ताच्या मूलपेशी अशाच राखून ठेवलेल्या असतात. त्यांतली एखादी विभागली की काही लेकी-पेशी बियाणे म्हणूनच मागे राहतात आणि बाकीच्या पेरल्या जातात. पेरलेल्या पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका असे सगळे पीक येते. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. इतके ते पीक अखंड चालू असते. अशा पेशी खरोखरच असतात हे कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलक या दोघांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील मूलपेशींपासून तर शरीरातली कोणतीही पेशी बनू शकते. उंदराच्या अशा पेशी १९८१ साली आणि माणसाच्या १९९८ साली प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले.

‘प्रयोगशाळेत वाढवणे’ म्हणजे काय, हे मला आधी नीट उमगत नव्हते. बशीत पेशी टाकल्या आणि वाढल्या, असे होत नाही. त्यांना सदतीस अंश उष्णता लागते, हवेचे ठराविक प्रमाण लागते, आणि मुख्य म्हणजे जेवण लागते. या जेवणाला संवर्धन-द्रव म्हणतात. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील हॅरी ईगल यांनी एकेक पदार्थ वगळून पाहण्याची चिकाटी दाखवली आणि पेशी जगायला कमीत कमी काय लागते त्याची यादी तयार केली. त्या यादीत अमिनो आम्ले होती, क्षार होते, साखर होती आणि आठ जीवनसत्त्वे होती. जवळजवळ सगळी ‘ब’ गटातली. गंमत अशी की, आपण ज्याचे सर्वांत अधिक कौतुक करतो ते ‘क’ जीवनसत्त्व त्या यादीत नव्हतेच! त्याच्यावाचून पेशी जगत होत्या. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, जे १९८० च्या दशकात विद्यापीठाच्या आवारात पेशी-संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाले, तेथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. रक्ताच्या मूलपेशींवरही तेथे काम झाले आहे. लिमये आणि काळे या संशोधिकांनी या पेशी अतिशीत तापमानात गोठवून ठेवताना कॅटलेज आणि ट्रेहॅलोज ही द्रव्ये घातली तर त्या अधिक चांगल्या जगतात, हे दाखवले. कॅटलेज हे पेशीला जाळणाऱ्या ऑक्सिजनजन्य द्रव्यांचा निचरा करणारे विकर. बशीत पेशीला ‘ताकद’ देण्यापेक्षा तिला होणारी इजा टाळणे कधी कधी महत्त्वाचे ठरते, हे येथेच दिसून येते.

आता ‘क’ जीवनसत्त्वाकडे वळू. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या त्वचेतील सामान्य पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखे करून दाखवले. (या कामाला २०१२ साली नोबेल मिळाले.) पण ही किमया फार थोड्या पेशींत साधे. चीनमधील ग्वांगझू येथील पेई यांच्या चमूने २०१० साली दाखवले की, संवर्धन-द्रवात ‘क’ जीवनसत्त्व घातले तर ती कितीतरी अधिक पेशींत साधते. असे का व्हावे? उत्तर हळूहळू उलगडले. पेशीतील आनुवंशिक द्रव्य हे एखाद्या जाड ग्रंथासारखे समजा. त्वचेच्या पेशीला त्वचेचाच अध्याय लागतो, म्हणून बाकीच्या अध्यायांची पाने एकमेकांना डिंकाने चिकटवून टाकलेली असतात. मूलपेशी व्हायचे तर ती पाने पुन्हा सुटी करावी लागतात. हा डिंक पुसणारी काही विकरे पेशीत असतात, आणि त्यांच्या गाभ्यातले लोह योग्य अवस्थेत राहावे म्हणून त्यांना ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. गर्भमूलपेशींत हेच घडते, हे सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१३ साली सिद्ध केले. म्हणजे येथे जीवनसत्त्वाने पेशीला शक्ती दिली नाही, तर एका कारकुनाच्या हाताला ओले फडके दिले.

हेच ‘क’ जीवनसत्त्व हाडे बनवणाऱ्या मूलपेशींच्या बशीत घातले तर त्याचे काम निराळे होते. तेथे ते कोलॅजन या तंतूची वीण घट्ट करते. साधे ‘क’ जीवनसत्त्व त्या उबदार द्रवात काही तासांतच निकामी होऊ लागते, म्हणून संशोधक त्याचे फॉस्फेट जोडलेले टिकाऊ रूप वापरतात. बशीतला ‘क’ आणि पेरूतला ‘क’ यांच्या वागणुकीत इतका फरक आहे. (चिकू हे आमच्या डहाणू-घोलवडचे वैभव खरे, पण या एका बाबतीत तो पेरूच्या आणि आवळ्याच्या मागे आहे, हे बागाईतदारांची क्षमा मागून सांगते.)

सर्वांत चकित करणारा प्रयोग मात्र २०१७ चा आहे. डॅलस येथील शॉन मॉरिसन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की रक्ताच्या मूलपेशी आपल्या पोटात ‘क’ जीवनसत्त्वाचा भरपूर साठा करतात; त्यांच्यापासून पुढे बनलेल्या पेशींत तो कमी होत जातो. उंदराला हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येते, माणसाला येत नाही. म्हणून त्यांनी ते बनवू न शकणारे उंदीर घेतले आणि त्यांचा ‘क’चा पुरवठा तोडला. तेव्हा त्या उंदरांच्या मूलपेशी कमी झाल्या असतील असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या वाढल्या! आणि तेच धोक्याचे ठरले, कारण रक्ताचा कर्करोग अशा उंदरांत लवकर बळावला. ‘मूलपेशी वाढणे’ ही गोष्ट नेहमीच चांगली असते, या समजाला याहून मोठा धक्का कोणता? ‘क’ जीवनसत्त्व येथे खत घालत नव्हते, लगाम धरत होते.

‘अ’ जीवनसत्त्वाची गोष्ट तर त्याहून न्यारी आहे. त्याच्यापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल बशीतल्या भ्रूणजातीच्या पेशींत घातले की त्या विभागणे थांबवून ठराविक रूप धारण करू लागतात. सिडनी स्ट्रिकलंड आणि महदवी यांनी हे १९७८ साली प्रसिद्ध केले. आज मूलपेशींपासून मज्जापेशी बनवायच्या असल्या तर या आम्लाचा हमखास उपयोग करतात. १९८८ साली शांघायच्या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात तेच आम्ल औषध म्हणून दिले, आणि वाढतच राहणाऱ्या कोवळ्या पेशी पोक्त होऊन आजार हटला. म्हणजे बशीत ‘अ’ म्हणतो, ‘आता पेरा’. पण जर्मनीतील हायडेलबर्ग येथे २०१७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत अस्थिमज्जेतल्या मूलपेशींना तेच ‘अ’ सांगत होते, ‘कणगीतच राहा’. आहारातून ‘अ’ काढून घेतल्यावर त्या उंदरांच्या निद्रिस्त मूलपेशी नाहीशा होऊ लागल्या. एकच शब्द, पण वाक्य बदलले की अर्थ बदलतो. हे आम्हां भाषेच्या विद्यार्थ्यांना कोणी वेगळे शिकवायला नको. आणि म्हणूनच गरोदरपणी ‘अ’ची कमतरता जशी वाईट तशीच त्याची मोठी मात्राही गर्भाला घातक ठरते.

या सगळ्या बशींतून माणसाच्या उपचारापर्यंत सरळ पोहोचलेले एक उदाहरण आहे, ते ‘ब’ गटातल्या निकोटिनामाइडचे. नाळेतल्या रक्तात मूलपेशी असतात, पण मोठ्या माणसाला पुरतील इतक्या नसतात. बशीत त्या वाढवायला जावे तर त्या सगळ्या पेरल्या जातात आणि बियाणे संपते. निकोटिनामाइड घातले की त्या संख्येने वाढत असतानाही बियाणेपण काही अंशी टिकवून धरतात. सुमारे तीन आठवडे अशा रीतीने वाढवलेल्या पेशींच्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. चाचणीत ज्यांना या पेशी दिल्या त्यांच्या संरक्षक पांढऱ्या पेशी मध्यमानाने बारा दिवसांत परत आल्या. साध्या नाळ-रक्ताला बावीस दिवस लागले. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला हे दहा दिवस म्हणजे जंतुसंसर्गाच्या तोंडी काढलेले दहा दिवस असतात. पण हे सर्व शरीराबाहेर, मोजलेल्या मात्रेत, मोजलेल्या दिवसांत झाले. निकोटिनामाइडची गोळी गिळून झालेले नाही.

आता मी या वाटेला का आले ते सांगते. मागच्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शेजारच्या पाड्यावर एक विक्रेता मोटारसायकलवरून आला होता. त्याच्याजवळ जीवनसत्त्वांच्या पुड्यांची खोकी होती. ‘याने मूलपेशी वाढतात, रक्त नवे होते’ असे तो सांगत होता. किंमत दोन हजारांच्या वर. त्या पाड्यावर सिकलसेलचा एक मुलगा आहे, आश्रमशाळेत नववीत शिकतो. थंडी पडली की त्याचे सांधे असे दुखतात की तो रात्र रात्र कण्हत असतो. त्याच्या आईने त्या खोक्याची पावती आणि कागद मला वाचायला दिला आणि विचारले की, हे घेतले तर दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का? तिने भाताचे काही मण विकून पैसे काढायचे ठरवले होते. मी त्या वेळी तिला एवढेच म्हटले की गोळ्या बंद करू नका, मी विचारून सांगते. ते विचारणे आणि वाचणे पुढे तीन महिने चालले.

आमच्याकडे विळा आणि कोयता कोणाच्या घरी नाही? सिकल म्हणजे विळा. या आजारात तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन थोडे निराळे असते. त्याच्या लांबलचक साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते, एवढेच. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. ऑक्सिजन कमी झाला की गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि वेदना सुरू होतात. भारतात हा दोष १९५२ साली प्रथम नोंदवला गेला आणि आदिवासी समाजांत तो अधिक आढळतो. आपल्या भागातही तो आहे. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. वाकलेली पेशी दहा ते वीस दिवसांतच मोडते. ज्या शेतात वर्षातून एकदा पेरायचे तेथे सहा-सहा, दहा-दहा वेळा पेरावे लागले तर काय होईल? त्या मुलाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी लहानपणापासून हेच करत आहेत.

आणि येथेच फॉलिक आम्ल येते. ही गोष्ट तर आपल्या मुंबईची आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने गरीब, कष्टकरी गरोदर स्त्रियांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यांच्या रक्तातल्या पेशी संख्येने थोड्या आणि आकाराने अवाढव्य असत. यकृताची महागडी द्रव्ये परवडणारी नव्हती. विल्सबाईंनी यीस्टपासून बनणारा मार्माइट हा स्वस्त पदार्थ देऊन पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अज्ञात द्रव्याला पुष्कळ दिवस ‘विल्सचा घटक’ म्हणत. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि लॅटिन भाषेतल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. पेशीला विभागायचे तर आधी आनुवंशिक ग्रंथाची नक्कल उतरवावी लागते आणि त्यातले एक अक्षर बनवायला फॉलिक आम्लाची गरज असते. ते नसेल तर पेशी फुगते, पण दुभंगू शकत नाही. त्या बायकांच्या अवाढव्य पेशींचे कोडे हेच.

परंतु याही नाण्याला दुसरी बाजू आहेच. १९४० च्या दशकात बॉस्टनचे सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये देऊन पाहत होते, तेव्हा आजार उलट भडकल्यासारखा दिसला. मग त्यांनी फॉलिक आम्लाला अडवणारे द्रव्य मागवले. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ साली त्या द्रव्याने काही मुलांचा आजार, तात्पुरता का होईना, हटला. जी पेशी पेरणीची घाई करते आहे तिला फॉलिक आम्ल दिले तर ती पेरतच सुटते; मग ते पीक भाताचे असो की तणाचे.

सिकलसेलच्या मुलाला दवाखान्यातून फॉलिक आम्लाची गोळी देतात ती या हिशेबाने. जादा पेरणीला जादा सामान लागते, ते संपू नये म्हणून. हिरव्या पालेभाज्यांत आणि कडधान्यांत ते असते. पण पाला फार वेळ उकळून पाणी ओतून दिले की त्यातले बरेच वाया जाते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पाला तरी कुठला? ही गोळी वाकलेली पेशी सरळ करत नाही. तो तिचा दावाही नाही. पेशी वाकणे कमी व्हावे म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे वेगळे औषध असते. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. लोहाच्या गोळीचे तर आणखी निराळे आहे. ज्याला वारंवार रक्त द्यावे लागते त्याच्या शरीरात लोह साचते, म्हणून तपासल्यावाचून ती घ्यायची नसते. बाकावरच्या बायका या सगळ्यांना एकाच नावाने ‘ताकद’ म्हणतात आणि घोळ तेथून सुरू होतो.

त्या खोक्यावरची यादी मी आमच्या रसायनशास्त्राच्या सरांकडून वाचून घेतली. त्यात ‘क’ होते, ‘ब’ गटातली काही होती आणि दोन-तीन वनस्पतींची नावे होती. फॉलिक आम्ल होते, पण दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या गोळीपेक्षा पुष्कळ कमी. विक्रेत्याचे बोलणे सगळेच खोटे होते असे म्हणता येत नाही, ही त्यातली मेख आहे. जीवनसत्त्वांचा मूलपेशींवर परिणाम होतो, हे खरेच. पण त्या मुलाच्या मूलपेशी कमी पडलेल्या नाहीत. त्यांच्यातच ते बदललेले अक्षर आहे. त्या दुप्पट केल्या तरी त्यांतून विळेच उगवणार. बियाण्यातला दोष खताने जात नाही.

बियाणेच बदलायचे तर दोन वाटा आहेत. एक, जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे रोपण. दुसरी, रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत दुरुस्ती करून परत सोडणे. या दुसऱ्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. हा आकडा मी त्या आईला सांगितला नाही.

तिला मी जे सांगितले ते साधे होते. पुड्या परत करा, दवाखान्याच्या गोळ्या चालू ठेवा, पोराला पाणी भरपूर पाजा, थंडीत अंगावर ऊब ठेवा, ताप आला तर घरी थांबू नका, आणि घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासून घ्या. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या चाचणीला बोटातून काढलेले थोडेसे रक्त पुरते. आपल्या महाविद्यालयातही अशी तपासणी व्हावी आणि ती विवाहाच्या वयाआधी व्हावी, असे मला वाटते. प्राध्यापकवर्गाने याचा विचार करावा, अशी या लेखाच्या निमित्ताने विनंती.

पुड्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेता दिलेल्या क्रमांकावर सापडला नाही. मुलाच्या गोळ्या चालू आहेत. त्याच्या धाकट्या बहिणीचे रक्त जानेवारीत तपासले. ती वाहक निघाली. तिला स्वतःला त्रास काही नाही. तिला मिळालेले कार्ड तिने शाळेच्या दाखल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कणगीवरच्या फळीवर ठेवले आहे.

— तृतीय वर्ष कला (मराठी)